पंगत अजून उठली नाही

धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथं आमची एम.एस्सी. केमिस्ट्रीची शेवटची प्रॅक्टिकल्स चालू होती, त्या आठवड्यात सरांनी व्हॉट्सॲपवर नोकरीच्या जाहिरातींचा ग्रुप काढला. आम्ही बावीस विद्यार्थी आणि सर, असे तेवीस जण. सर तासिकेवर शिकवायचे, वयानं आमच्याहून फार मोठे नव्हते. रोज सकाळी सातच्या आत ते कुठल्या ना कुठल्या कंपनीची लिंक टाकायचे आणि खाली लिहायचे, "आजच भरा."

ग्रुपचा नियम एकच होता. ज्याला नोकरी लागेल त्यानं मुलाखतीत विचारलेले प्रश्न ग्रुपवर लिहायचे आणि ग्रुप सोडायचा. "जेवण झालं की पानावरून उठायचं," सर म्हणाले, "म्हणजे मागच्याला जागा होते." हे सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं, कारण पहिल्या पाचात उठणाऱ्यांत मी असणार याची मला खात्री होती. वर्गात माझा दुसरा नंबर होता आणि तेव्हा मी हवेतच असायचे.

बेंबळीत आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर आम्ही. रात्री जेवताना मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, हा नियम सांगितला, तर त्यांचा हात भाकरीवरच थांबला.

"हे कसले सर म्हणायचे? पंगतीतनं मधीच कोण उठतंय? शेजारच्याचं पान चालू असलं की ताक पीत बसायचं असतंय. सगळ्यांचं झालं की मग उठायचं."

"अण्णा, हे जेवणाचं नाही, नोकरीचं चाललंय."

"मग तर आजूक बसाय पायजे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी आईकडं कांदा मागितला.

मी मनात म्हटलं, गिरणीवाल्याला काय कळतंय. असं म्हटलं होतं हे आज लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं.

पहिला महिना रेझ्युमे आणि प्रोफाइल भरण्यात गेला. एक साइट अशी होती की आपण चार ओळी द्यायच्या आणि तिनं आपला रेझ्युमे लिहून द्यायचा. तिनं मला ध्येयनिष्ठ, उत्साही आणि संघभावनेनं काम करणारी केलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, म्हणून मी ते दोनदा वाचलं. मग गावाचा रकाना. बेंबळी कुठल्याच यादीत नव्हती. जिल्ह्याचं नाव एका साइटवर जुनं, दुसरीवर नवं आणि तिसरीवर जिल्हाच नाही, तिथं 'इतर' निवडायचं. मी बरेच महिने 'इतर'मध्ये राहिले.

नोकरीच्या ॲपवरून रोज निरोप यायचा, "तुमच्यासाठी चौदा नव्या नोकऱ्या." उघडलं की पुण्यात पार्सल पोचवायचं काम, नाहीतर बंगळुरात विमा विकायचं. तरी मी चौदाच्या चौदा वाचायची. महिन्यातून एकदा ते ॲप विचारायचं, "तुम्ही अजून नोकरी शोधताय का?" खाली 'हो' आणि 'नाही'. मी 'हो' दाबायची. पुढं पुढं मला असं नेमानं विचारणारं तेवढंच उरलं.

पहिला प्रश्नसंच आला तेव्हा ग्रुपवर नुसता जल्लोष झाला. पेढ्यांचे फोटो, फुलांचे गुच्छ, सगळं. हल्ली कुणी ग्रुप सोडला तर सगळ्यांना दिसत नाही, आम्हाला कळायचं ते वरच्या आकड्यावरून. तेवीसचे बावीस झाले. मग एकवीस. दसऱ्यापर्यंत चौदा. प्रत्येक वेळी मी "हार्दिक अभिनंदन" लिहायची आणि मग जाऊन तो आकडा बघायची. मला हेवा वाटायचा. पहिला नंबर असलेली मुलगी गेली तेव्हा इतका नाही वाटला, पण जिला मी सगळी जर्नल्स उतरवायला दिली होती ती गेली तेव्हा दोन घास कमीच गेले. एकदा तिला फोन केला तर म्हणाली, "शिफ्टला आहे गं, नंतर करते." तिचा तो नंतर अजून आलेला नाही.

मलाही एक मुलाखत आली होती, फोनवरची. अकरा वाजता फोन येणार होता म्हणून अण्णा त्याआधी दळण उरकत होते. फोन साडेदहालाच आला. मी नेमकी खाली होते, गिरणी चालू, समोर डबे घेऊन आठ-दहा बायका. मी अण्णांना हातानं खुणावलं. त्यांनी खटकन बटण बंद केलं आणि बायकांना सांगितलं, "पोरीचा इंटरव्ह्यू हाय. कुणी बोलू नका."

कुणीच बोललं नाही. पट्टा हळूहळू थांबला. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून अण्णा माझ्याकडं बघत राहिले, आणि त्या बायकाही. पलीकडून साहेबांनी विचारलं, टायट्रेशनमध्ये एंड पॉइंट आणि इक्विव्हॅलन्स पॉइंट यात फरक काय? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा प्रश्न. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण इतकी माणसं माझ्यासाठी गप्प बसलीत हे बघून माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. मी म्हटलं, "सर, आवाज येत नाहीये. इथं खूप आवाज आहे."

आमच्या गिरणीत दिवसाउजेडी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. साहेब म्हणाले, "नंतर करतो," आणि फोन ठेवला. अण्णांनी काही न विचारता बटण चालू केलं. रांगेतली एक मावशी तेवढी म्हणाली, "काय इचारलं गं बाय?" मी वर जाऊन पडून राहिले ती दुपारी आईनं हाक मारेपर्यंत.

दिवाळीनंतर परंड्याकडच्या सोनारी गावचा मुलगा ग्रुपमधून गेला. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायचा, बोलायला कमी, हाताला मात्र फार सफाई. त्यानं लिहिलं, हैदराबादच्या कंपनीत लागलो, आणि खाली सतरा प्रश्न दिले. इतके प्रश्न तोवर कुणीच दिले नव्हते. सर कौतुकानं म्हणाले, "असं लिहावं." मी ते सतरा प्रश्न वहीत उतरवले, उत्तरं काढली आणि पाठ केली. गच्चीवर फिरत मोठ्यानं म्हणायची. हैदराबादचीच कंपनी पुढं मला बोलावणार, असं मी आपलं धरून चालले होते.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी लिंक आली नाही. दुपारी सरांचा मेसेज आला. "मला विचारलेले प्रश्न," असं वर लिहिलं होतं. लातूरच्या एका क्लासमध्ये ते शिकवायला लागणार होते. प्रश्न एकच होता: "इतकी वर्षं तासिकेवर का राहिलात?" उत्तर लिहिलं नव्हतं. सरही आमच्याच पंगतीत बसलेत हे इतक्या महिन्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते गेले आणि नवा ॲडमिन मोबाईलनंच ठरवला. ती मी होते.

तेव्हा आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि सास्तूरची मैत्रीण. फेब्रुवारीत तिनंही लिहिलं. "मला विचारलेले प्रश्न: स्वयंपाक येतो का? नोकरी करायचीच आहे का? जरा चालून दाखवता का?" खाली हसणारा चेहरा आणि लग्नाची तारीख. मी खूप हसले. मग हसता हसता रडू आलं आणि ते लवकर थांबेना.

वर आकडा एक. एकाचा ग्रुप असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तरी सकाळी सातच्या आत लिंक शोधून टाकायला लागले. खाली "आजच भरा" असंही लिहायची. मीच लिहायचं, मीच वाचायचं. वेड लागलं होतं असं नाही, पण ते बंद केलं असतं तर मी सकाळी उठले कशासाठी असते, हे मला सांगता आलं नसतं. घरात कुणी टोचून बोलत नव्हतं. न बोलण्याचाच त्रास व्हायचा. आई शेजारणीला सांगायची, "तिचं चाललंय ऑनलाइन." मला त्या 'ऑनलाइन'चा राग यायचा आणि तिच्या आवाजाची कीव यायची.

मग आईनंच ठरवलं, सोनारीला भैरवनाथाला जाऊन येऊ. रविवार होता. धाराशिव, बार्शी, परंडा अशा एसट्या बदलत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. देवळाच्या वाटेवर नारळाची, फुटाण्यांची दुकानं, आणि माकडं. एका माकडानं आईच्या पिशवीला हात घातला म्हणून दुकानातल्या माणसानं काठी आपटली. मी वर बघितलं. काठी हातात घेऊन हैदराबादचा केमिस्ट उभा होता.

"सुट्टीवर आलास वाटतं," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला, आणि मान खाली घालून नारळ पुसायला लागला. पुसून झालेलाच नारळ पुन्हा पुसत होता.

त्या दिवशी कुणीतरी नवस फेडायला पंगत घातली होती. माझ्या वर्गातला मुलगा म्हटल्यावर आईनं त्याला सोडलंच नाही. "जेवलास का रं? मग चल आमच्यासंगं." पत्रावळीवर गव्हाची खीर, भात, आमटी. आई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. सतरा प्रश्न! गच्चीवर घशाला कोरड पडेपर्यंत म्हटलेले. मी भराभर जेवले आणि उठायला लागले. आईनं न बघताच माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"बस. त्याचं व्हायचंय अजून."

तो हळूहळू भात कालवत होता. एक घास उचलायला त्याला फार वेळ लागत होता. मला उठता येईना आणि बोलायचं नव्हतं. शेवटी तोच पत्रावळीकडं बघत म्हणाला, "ते प्रश्न म्या नेटवरनं काढले हुते."

"मी पाठ केले ते."

"सगळे?"

"सतराही."

"त्यातला एक तरी कुणी इचारला का?"

"मला बोलावलंच नाही कुणी," मी म्हटलं. हे वाक्य तोवर मी कुणाजवळ मोठ्यानं बोलले नव्हते. आई तिथंच होती, तिनं ऐकलं आणि भाताकडं बघत राहिली.

"रोज एकेक जण उठून चाललं हुतं," तो म्हणाला. "मला बसवंना तिथं. लई लाज वाटायली हुती. म्हणून उठलो. उपाशीच उठलो."

माझा राग गेला असं नाही. पण तो फिका पडला. त्याचं होईपर्यंत आम्ही बसलो. वाढप्यानं विचारलं तेव्हा मी थोडा भात पुन्हा घेतला, भूक नव्हती तरी.

परतीच्या एसटीत मी त्याला ग्रुपवर घेतलं. ॲडमिन होते, तेवढा अधिकार होता. वर आकडा दोन झाला. मी नवा नियम लिहिला: नोकरी लागली नाही तरी प्रश्न लिहायचे, आणि ज्यांची उत्तरं आली नाहीत ते आधी. त्याचा दोन दिवस काहीच मेसेज नाही. तिसऱ्या दिवशी पाच प्रश्न आले, पाच वेगवेगळ्या मुलाखतींतले. पीएच मीटर रोज कॅलिब्रेट का करायचा, हा त्यातला तिसरा. मी एंड पॉइंटचा लिहिला आणि गिरणीची सगळी गोष्टही लिहिली. तो म्हणाला, "शांततेत आवाज येतोच की." त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

जूनमध्ये सोलापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका लहान औषध कंपनीनं बोलावलं. साहेबांनी पीएच मीटरचं विचारलं. ते मी नीट सांगितलं. मग त्यांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "वर्षभर काय करत होता?" या प्रश्नाची उत्तरं साइटवर ढीगभर असतात. कोर्स केला म्हणावं, घरच्या व्यवसायात मदत केली म्हणावं. मी म्हटलं, "नोकरी शोधत होते."

"आणि?"

"आणि काही नाही, सर."

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी पत्र आलं. अण्णांनी गिरणी बंद केली, रांगेतल्या बायकांना सांगितलं आणि पुन्हा चालू केली.

संध्याकाळी मी ग्रुप उघडला. मला विचारलेले दोन प्रश्न लिहिले, दोन्हींची उत्तरं लिहिली. त्याचं लगेच आलं.

"अभिनंदन. झालं तुझं. ऊठ आता, हात धू."

मी अजून सोलापुरात त्याच नोकरीत आहे आणि तो सोनारीत दुकानावर. सकाळी सातच्या आत मी त्याला एक लिंक टाकते. वर आकडा दोनच आहे. त्या संध्याकाळी मी त्याला जे लिहिलं ते अजून तसंच लागू आहे.

"तू जेव सावकाश. मी ताक पीत बसलेय."