वाऱ्यामागे फिरणारा वाल्मीक

पस्तीस वर्षं मी रंगभूमीवर राजे झालो, सेनापती झालो. पण मनापासून मुजरा करावा असा माणूस मला भेटला तो भिवंडीत, राहनाळच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये. साल सत्याऐंशी.

वाल्मीक जवळच्याच शेलार गावचा. वडील मागावर कामाला होते. मुंबईत वास्तुकलेची पदवी घेऊन त्याने अहमदाबादला एका बुजुर्ग वास्तुकारापाशी दोन वर्षं उमेदवारी केली. तिथे वर्षभर एकाच घराचं तापमान दर दोन तासांनी नोंदवायचं, हा त्याचा पहिला धडा. यंत्राशिवाय, निव्वळ ऊन, वारा आणि सावली यांच्या मदतीने इमारत थंड ठेवायची, ही त्याची विद्या. भिवंडीत तो हे सांगू लागला की लोक आधी त्याला चहा पाजत आणि मग हसत.

माझे मित्र केसरीनाथशेठ हसले नाहीत. नव्या शेडचं काम त्यांनी त्याला दिलं. त्याने पश्चिमेला ओळीने मोठ्या खिडक्या काढल्या. खाडीचा वारा थेट आत! मला तर महाल वाटला.

माग सुरू झाले आणि सूत तटातट तुटू लागलं. वाऱ्याने धागा वाळत होता. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी कौसल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, मागाच्या शेडच्या खिडक्या आमी उगाच बंद ठेवतो का? तुजा बापूस असता तर त्यानं सांगितला असता."

शेठ माझ्यावरच भडकले. "बुवा, हा तुमचा लाडका! उद्या खिडक्या बुजवतो नि वर पत्रा ठोकतो. बायामाणसं भाजली तरी चालंल, कापड निघाला पायजे!"

आम्ही नट संवाद विसरलो की पेटीवाल्यावर डोळे वटारतो. वाल्मीक मात्र सगळ्या कामगारांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, चूक माझी. मी माणसांचा विचार केला, सुताचा केला नाही. नकाशा दिला म्हणजे माझी जबाबदारी संपली, असं मला शिकवलेलं नाही. आठ दिवस द्या."

"आठच. नववा न्हाय."

ते आठ दिवस मी रोज जाऊन बसलो. पेटती उदबत्ती हातात धरून तो दोन मागांच्या मधून फिरे आणि धूर वळेल तसा जमिनीवर खडू ओढत जाई. कौसल्येजवळ बसून तुटलेला धागा जोडायला शिकला. मग खिडक्या बुजवून त्याने खाली विटांची जाळी बसवली आणि जाळीबाहेर पाण्याचा उथळ हौद बांधला. वारा पाण्यावरून दबकत आत येई, धागा ओलसर राही. तापलेली हवा छताखालच्या फटींतून निघून जाई.

नवव्या दिवशी माग सुरू झाले. शेठ घड्याळ घेऊन उभे. तास गेला, दोन गेले. अधूनमधून एखादा धागा तुटे, कुठल्याही शेडमध्ये तुटतो तितकाच.

"पत्रा नको," शेठ एवढंच म्हणाले.

मी उठून टाळ्या वाजवल्या. मागांच्या खडखडाटात त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. वाल्मीक तर कौसल्येपुढे वही उघडून बसला होता. "मावशी, दुपारी तीनला इथं बसून कसं वाटतं? खरं सांगा हं, मी अजून दोन महिने येणार आहे."