रणगाड्यांचे पुनरुज्जीवन

भाऊबीजेला इंदापूरहून ताई आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "आपला रणगाड्यांचा गेम हाय का रं तुझ्या त्या मशिनीत?"

बारामती एमआयडीसीत नोकरी लागल्यावर मी पणदऱ्याच्या घरी नवा कन्सोल आणला होता. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा गेमचा डबा होता. त्याला दोन रिमोट. पहिल्यावर खेळ थांबवायचं बटण होतं, दुसऱ्यावर नव्हतं, आणि दुसरा कायम ताईचा. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की तिला उठावंच लागे. मला 'थांबव' म्हणेपर्यंत तिचा रणगाडा फुटलेला असे. माझी परीक्षा जवळ आली की मात्र तीच पहिला रिमोट पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवी. घरातला पहिला पदवीधर म्हणून कुणी माझं कौतुक केलं, की मला तो पिठाचा डबा आठवतो.

त्या गेमची नवी आवृत्ती आली होती. मी ती उतरवून घ्यायला गेलो तर मशीन म्हणालं, जागा शिल्लक नाही. आधीचं काहीतरी काढायला हवं होतं, आणि ताई दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती.

"मग सभा घ्या की," तात्या म्हणाले. आमचे वडील सोसायटीचे जुने सभासद. सभेशिवाय घेतलेला निर्णय त्यांना पचत नाही. खुर्ची ओढून ते अध्यक्ष झाले.

मी फुटबॉलच्या गेमकडे बोट दाखवलं. "हा काढू. दरवर्षी नवा आकडा लावून येतो. खेळ तोच, गवत तेवढं जास्त हिरवं."

"म्हंजी खोडवाच." तात्या म्हणाले. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो, तो खोडवा. "कितवा ह्यो?"

"पंधरावा असेल."

"पंधरावा! आरं, रानात काय ऱ्हायलं आसंल?"

सुट्टीला आधीच येऊन राहिलेली ताईची मुलगी उसळली. "त्यात माझी टीम हाय! मामाचा लढाईचा काढा. त्यातला मेजर तिसऱ्या भागात मेला आन् पाचव्यात परत आला."

"मेलेले सभासद मतदानाला येत्यात," तात्या गंभीरपणे म्हणाले, "पण मत टाकून माघारी जात्यात."

माझे शेवटचे दोन टप्पे बाकी आहेत, हा मुद्दा कुणी ऐकला नाही.

"सूचक?" तात्यांनी विचारलं. भाचीने हात वर केला. "अनुमोदक?" ताईने दोन्ही हात वर केले. "मंजूर, मंजूर!" आतून आईसुद्धा ओरडली. विषय न ऐकता मंजूर म्हणणारं कुणीतरी प्रत्येक सभेत लागतंच. बुडालेल्या सोसायटीसारखी माझी लढाईची मालिका अवसायनात निघाली आणि अवसायक म्हणून नेमणूकही माझीच झाली. काळजावर दगड ठेवून मी ती पुसली.

खरं सांगायचं तर आता मलाही वाटतं, एकाच टीव्हीपुढे मांडीला मांडी लावून खेळायच्या सगळ्या मालिका परत याव्यात. ज्यांना दुसरा रिमोट लागतच नाही, त्यांचा खोडवा खुशाल मोडावा.

रणगाडे पडद्यावर आले. ताईने सवयीने दुसरा रिमोट उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ह्याला बी बटन हाय?"

"आता दोन्हींना असतं."

खेळ सुरू झाला. माझ्याआधी तिनेच दोन रणगाडे उडवले. तिसरा समोर आला आणि आतून आईची हाक आली, "अगं, चहा न्यायला ये गं!"

ताईने बटण दाबलं. सुटलेला तोफगोळासुद्धा हवेतच थांबला.

"जा, घिऊन ये," ती मांडी न मोडता मला म्हणाली. "तवर कुणी मरत न्हाय."