व्हर्नाच्या गाडीचा काटा

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका गावात गाडीचा तापमानाचा काटा बिघडला की लोक लॉर्न डिकच्या गॅरेजात येत. पण दिव्याखाली अंधार! त्याची बायको व्हर्ना हिवाळाभर सांगत होती, "माझा काटा थंडच्या खुणेवरून हलत नाही रे."

"काटा खोटारडा आहे. गाडी ठणठणीत आहे, तू चालव."

"लोकांच्या गाड्यांना हात लावतोस, माझ्या गाडीला नुसती जीभ!" असं म्हणून ती एकटीच शहरात कॅन्सरच्या उपचारांना जाई.

ती वारल्यावर गाडी विकायची म्हणून लॉर्नने बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून काट्याची वायर लोखंडाला टेकवली. काटा सरकन लालवर गेला. म्हणजे काटा शाबूत होता. मग त्याने पाण्याचा पाइप चाचपला. बऱ्याच वेळाने पाहिला तरी गारच. इंजिन तापेपर्यंत पाणी रोखून धरणारी आतली झडप उघडी अडकली होती. इंजिन तापतच नव्हतं, मग हीटरला ऊब कुठून येणार?

रेडिएटरपुढे गार वारा अडवून इंजिन तापावं म्हणून लावलेला एक पुठ्ठा होता, व्हर्नाच्या विणायच्या लोकरीने बांधलेला.

मार्चमध्ये, बाहेर अजून बर्फ असतानाच, तिने काट्याचं नाव काढणं सोडलं, तेव्हा लॉर्नला वाटलं होतं, पटलं एकदाचं हिला.