टॅबमधल्या मॅडम

उपकेंद्रातल्या गोळ्या संपतात, किस्से काही संपत नाहीत. वेल्ह्याच्या डोंगरात आमच्याकडे टॅब आला, त्यात भोरच्या डॉक्टर मॅडम दिसायला लागल्या, तेव्हापासून तर रोज एक नवीन! मी इथली सिस्टर. टॅब मीच धरते, त्यामुळे मला सगळं बघायला मिळतं.

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांचा घसा धरला. आमच्याकडे पेशंट एकटा येतो कुठं? सून, भाऊ, दोन शेजारी सोबत. मॅडम म्हणाल्या, जीभ दाखवा. पाचही जणांनी जिभा काढल्या! मॅडमनी बिचाऱ्यांनी पाचही बघितल्या. आजोबांचं किरकोळ निघालं, सुनेचं तोंड आलेलं. गोळ्या दोघांना दिल्या.

सुलाबाईंना थकवा होता. मॅडमसमोर बसायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं, केसात अबोली, तोंडाला पावडर. मॅडम म्हणाल्या, चेहरा तर छान टवटवीत आहे. मी तोंड धुवायला लावलं, डोळ्याची पापणी ओढून दाखवली, तर पांढरीफटक. रक्त तपासायला पाठवलं, तर जाताना मलाच ऐकवलं, "पावडर पुसलीत तुमी, आन रोग काढलात."

पार्वताआजींचे गुडघे दुखतात. घरात रेंज नाही, म्हणून मोबाईल घेऊन टेकडी चढल्या आणि तिथून मॅडमना सांगितलं, चालवत नाही. मॅडमनी विचारलं, मग वर कशा पोचलात?

"चढाला काय न्हाई हो, उतारालाच दुखतंय. म्हणून तर सकाळपासनं हितंच बसलीया."

पण एक किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऐन लावणीत धोंडूआबांच्या सखुबाई आल्या. टॅबसमोर बसून म्हणाल्या, छातीत दाबतंय, डावा हात भरून येतोय, दरदरून घाम फुटतोय. मी नाडी धरली, तर बाई ठणठणीत! खोदून विचारलं तेव्हा कळलं, दुखणं आबांचं. त्यांच्या खाचरात इर्जिक होती. गाव आपल्या लावणीला राबतंय आणि मालक चिखलातून बाहेर, हे आबांना कसं चालावं? म्हणून दुखणं बायकोबरोबर पाठवलेलं!

मॅडम टॅबमधूनच ओरडल्या, "सिस्टर, आधी गाडी बघा!"

मी टेम्पो सांगितला आणि सखुबाईंबरोबर बांधावर पळाले. आबा हलेनात. एवढं खाचर झालं की येतो म्हणाले. सखुबाई लुगड्यासकट चिखलात उतरल्या, आबांच्या हातातली रोपांची मूठ काढून घेतली.

"रोपं परत टाकता येत्याल. तुमास्नी कुठनं आणू?"

आबा गुमान टेम्पोत बसले. रात्री पुण्याच्या दवाखान्यातून फोन आला, वेळेत पोचले म्हणून वाचले.

आठव्या दिवशी आबांचा दवाखान्यातून व्हिडिओ कॉल. छातीत स्प्रिंग टाकलेली, आवाज मात्र खणखणीत. मला म्हणाले, शेतावर जा, मोबाईल फिरवा. मी सगळी खाचरं दाखवली. आबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि शेजारी उभ्या डॉक्टरांकडे वळले.

"सायेब, सोडा आता घरी. फोनवर काय कळत न्हाई, समक्ष बघाया लागतं."