नऊ फोटोंतली कुस्ती

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात कुस्ती एकही नव्हती. कुस्ती संपल्यावरचे फोटो मात्र शेकड्यांनी होते. एक पैलवान उताणा, दुसरा हात वर करून उभा, मध्ये वाकलेला पंच. खिशात मावणारा तो चंदेरी कॅमेरा मी नोकरीला लागल्यावर घेतला होता. बटण दाबलं की तो क्षणभर विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. शाळेच्या गॅदरिंगला, सहलीला त्याचं भागायचं, कारण फोटो म्हटलं की पोरं थांबतात. पैलवान थांबत नाहीत.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची. शेजारच्या गावातल्या हायस्कूलात मराठी शिकवते. आमचे आप्पा तरुणपणी कुस्त्या करायचे. पुढं शेतीच केली, पण आसपासच्या कुठल्याही यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान त्यांनी कधी चुकवलं नाही. मग गुडघे गेले. अशाच एका मैदानात गर्दीचा लोंढा आला आणि दोन अनोळखी माणसांनी त्यांना काखेत हात घालून उचलून बाहेर आणून ठेवलं. लागलं काहीच नव्हतं, पण असं उचलून बाहेर ठेवलं जाणं त्यांच्या मनाला लागलं. घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "आता बास झालं."

त्या वर्षापासून त्यांच्याऐवजी मी जायला लागले. सुरुवातीला लोक वळून बघायचे. मग "आप्पांची लेक हाय, सोडा फुडं" असं कुणीतरी म्हणायचं आणि मला आखाड्याच्या कडेला जागा मिळायची. संध्याकाळी घरी आले की आप्पा चष्मा पुसून तयार असायचे. एकेक फोटो बघायचे आणि दर वेळी एकच विचारायचे.

"ह्यो पडल्यावरचा झाला गं. पाडला कसा?"

मग मी आठवून सांगायची. मला डावांची नावं नीट येत नाहीत, त्यामुळं मी सांगणार आणि ते दुरुस्त करणार. मोबाइलवर व्हिडिओ काढून बघितला, पण मोबाइलही आमचा जुना. व्हिडिओ थांबवला की नेमक्या जागी दोन पैलवानांचा मिळून एक मातकट ढग दिसायचा. आप्पांनी फोन परत दिला. "ह्यात माणूस कंचा न् माती कंची?"

अशात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. बेळगावात कॅम्पात राहणाऱ्या एका फौजी कुटुंबाची बदली झाली होती आणि ते सामान विकत होते. फ्रिज, मुलांची सायकल, झाडांच्या कुंड्या, आणि शेवटी एक डीएसएलआर कॅमेरा, वापरलेला, लांबच्या लेन्ससकट. सरांनी खाली लिहिलं होतं, 'याला बटण दाबल्यावर विचार करावा लागत नाही.'

तीन दिवस मी त्या फोटोकडं बघत राहिले. मास्तरीण बाई गळ्यात एवढं धूड अडकवून मैदानात जाणार, हे मलाच कसंतरी वाटत होतं. छोटा कॅमेरा हातात असला तर कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय जुनी वस्तू, आपल्याला त्यातलं कळत नाही, बिघडली तर दाखवायची कुणाला? आईचं मत स्पष्ट होतं. "वर्षातनं चार मैदानं. त्यापरास पडदे घे घराला."

शनिवारी दुपारी स्कूटरवरून कॅम्पात गेले. घरातलं निम्मं सामान बांधून झालं होतं. व्हरांड्यात काळ्या ट्रंकांची थप्पी, एकीवर बसून लहान मुलगी केळं खात होती. तिची आई गढवालकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि माझा हात खालीच गेला. चांगलाच जड होता. बटण दाबलं, आणि दाबताक्षणी खट्‌ आवाज आला. मधे काही नाहीच. केळं खाणाऱ्या मुलीनं तोंड वळवलं होतं ते मला बरोबर मिळालं, एक गाल फुगलेला.

तिनं काहीच लपवलं नाही. लेन्सवर कडेला एक बारीक चरा होता, तो तिनंच दाखवला. रबर एका जागी सुटत होतं. आतापर्यंत अठ्ठावीस हजार फोटो काढून झालेत, असले कॅमेरे लाखापर्यंत जातात म्हणतात, पण खात्री कुणी देत नाही, हेही तिनंच सांगितलं. मी नुसतीच उलटसुलट करून बघतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "कल इतवार है, ले जाइए. सोमवार को बता दीजिए. मंगल को हमारा ट्रक है."

ओळख ना पाळख. मला कसंतरीच झालं. पर्समधला माझा छोटा कॅमेरा काढून मी तिच्यापुढं ठेवला, म्हटलं, हा तुमच्याकडं असू दे. ती हसली, पण ठेवून घेतला.

घरी आप्पांनी कॅमेरा मांडीवर घेऊन सगळीकडून बघितला. "किती येताची हाय इचारलंस काय?" म्हणाले. जुनी म्हैस घ्यायला गेलं की किती वेळा व्यालीय, हेच ते आधी विचारत.

"अठ्ठावीस हजार फोटो झालेत."

"आयला! मग आता दूध कुठलं निघतंय?" आणि स्वतःच हसले. पण लेन्सचं टोपण त्यांनी आपल्या हातानं नीट बसवलं.

रविवारी शेजारच्या गावात मैदान होतं. लांबची लेन्स होती, म्हणून या वेळी कडेला न बसता मागच्या चढावर उभी राहिले. बोट दाबून धरलं की कॅमेरा खटखट खटखट करत एकामागून एक फोटो काढत होता. शेवटून दुसरी जोड चांगली जमली. दोघंही वीस-बावीसचे, अंगानं सारखे. बराच वेळ नुसती झटापट चालली आणि एकदम त्यातल्या काळ्या लांगेवाल्यानं समोरच्याच्या हाताला मिठी घालून, वळून, पायाच्या आधारावर त्याला उलथवला. ही ढाक. आप्पांचा आवडता डाव, एवढा एक मला नक्की ओळखता येतो. मी बोट दाबून धरलं होतं. नऊ फोटो आले होते, आणि नऊही स्पष्ट.

मी जवळजवळ पळतच घरी आले. आप्पांनी पहिल्यांदा विचारलं, "कितीक वेळ चालली?"

मला सांगता येईना. कुणी कुणाला आधी ढकललं, लोक कधी ओरडले, काहीच आठवेना. मी सगळा वेळ कॅमेऱ्याच्या भोकातून बघत होते आणि मला कुस्तीचे तुकडे तेवढे दिसले होते. मी तसं कबूल केलं.

"दुसरा डोळा झाकून घेतीस काय?"

"व्हय."

"उघडा ठेव की मग. देवानं दोन दिलेत."

एवढं बोलून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पुढचा फोटो, मागचा फोटो, हे बटण त्यांना लगेच जमलं. पहिल्यापासून नवव्यापर्यंत गेले, परत पहिल्यावर आले. मला वाटलं होतं खूश होतील, पण ते पुढं-मागंच करत राहिले. चहा निवला. आईनं दोनदा हाक मारली. शेवटी त्यांनी मला बोलावून तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"खालच्याचा पाय बघ."

मोठं करून बघितलं. ज्याला उलथवला त्याचा डावा पाय मातीत सरकत होता आणि टाचेमागं ओला पट्टा उमटला होता. वरच्यानं अजून ओढलेलंसुद्धा नव्हतं. ओढ चौथ्या फोटोत होती.

"म्हंजे आधी घसरला," आप्पा म्हणाले. "पाडणाऱ्यालाबी कळलं नसंल. त्याला वाटलं आसंल, आपणच पाडला."

आप्पांची एक कुस्ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या जन्माआधीची, निपाणीकडच्या एका यात्रेतली. समोर कोगनोळीचा पैलवान. आप्पांनी त्याला ढाकेवर घेतला आणि तो अंगाची माती झाडत पंचांना म्हणाला, "माझा पाय घसरला." मैदानभर हशा पिकला. पुढं कित्येक वर्षं तो कुठं भेटला की आप्पा आणि त्यांचे सोबती त्याला विचारायचे, "काय पैलवान, आज पाय बरा हाय न्हवं?" पुढं पुढं त्यानं आप्पांकडं बघणंच सोडलं होतं. आम्हीसुद्धा लहानपणी चिखलात पडलो की हसत 'माझा पाय घसरला' म्हणायचो.

"खरं बोलत आसंल तो," आप्पा म्हणाले. "मी फकस्त वळलेलं आठवतंय मला. त्याचा पाय कोण बघतंय तवा?"

आई दारात उभी होती. "एवढ्या वर्सांनी काय त्याचं?" ती म्हणाली.

"त्याला चार मान्सांत हसलो की आपण." मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडं दिला. "घेऊन टाक हे. पण आधी मला ह्ये नऊ फोटू कागदावर काढून दे."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी कॅम्पात गेले. खरं सांगायचं तर माझं मन तोवर पुरतं ठरलं नव्हतं. चरा होता, वजन होतं, आणि डोळ्याला लावला की मैदान हरवत होतं. पण आप्पा दुपारपासून दोनदा फोन करून 'दिला काय तिनं?' विचारत होते. मी पैसे मोजून दिले आणि तिनं माझा छोटा कॅमेरा परत आणून ठेवला. मुलीनं त्यावर घरभर फिरून ट्रंकांचे आणि आपल्या पायांचे फोटो काढले होते. ते मी तिला मोबाइलवर पाठवले. निघताना तिनं मोठा कॅमेरा पिशवीत घालून पट्टा माझ्या खांद्यावर नीट केला, आणि म्हणाली, मैदानाचा एखादा चांगला फोटो मलाही पाठवा. अजून पाठवते मी.

कोगनोळीच्या पैलवानाचा पत्ता आप्पांनी निपाणीतल्या जुन्या ओळखीतून दोन दिवसांत काढला. पुढच्या रविवारी आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, नऊ फोटोंचं पाकीट मांडीवर धरून बसले होते. हायवेवर नाक्याला ट्रकांची रांग लागली होती. तिथं वळून गावात शिरलो.

पैलवान अंगणात बाजेवर बसले होते. आप्पांपेक्षा वाळलेले, एका कानानं कमी ऐकू येणारे. आप्पांना बघून ते उठले नाहीत, आणि 'बसा'ही म्हणाले नाहीत. सुनेनं खुर्च्या आणल्या.

आप्पा बसलेच नाहीत. काठीवर रेलून उभ्यानंच म्हणाले, "एक सांगाय आलोय. तुझा पाय घसरलाच व्हता. मी उगाच हसलो."

त्यांनी फोटो बाजेवर ओळीनं मांडले. म्हाताऱ्यानं एकेक डोळ्याजवळ नेला.

"ही पोरं कंची?"

"आत्ताची हायत. तिसरा बघ, टाच बघ. आपलंबी आसंच झालंतं."

म्हाताऱ्यानं तिसरा फोटो उजेडाकडं धरून बघितला. मग खाली ठेवला. "माझा पाय न्हाय घसरला," म्हणाले.

"आरं घसरला."

"न्हाय रं. तू पाडलास मला, चांगला स्वच्छ. माझा बा बसलेला म्होरंच. त्याला काय त्वांड दाखवू? म्हून बोललो तसं."

"न्हाय न्हाय. मला आता पक्कं कळलंय, तू घसरलास."

"पाय कुणाचा व्हता?" म्हातारा ओरडला. "माझा का तुझा?"

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. मग आधी तो म्हातारा हसला, मग आप्पा, आणि हसता हसता ते बाजेवर त्याच्या शेजारी, फोटोंवरच बसले.

चहा झाला, भाकरी-पिठल्याचं जेवण झालं, तरी वाद मिटेना. शेवटी तू हात कसा धरलेलास ते दाखव म्हणून दोघंही उभे राहिले. चार कामातून गेलेले गुडघे. आप्पांनी म्हाताऱ्याच्या दंडाला मिठी घातली आणि तो "आरं हळू, हळू" म्हणत बाज चाचपडायला लागला. सून आतून ओरडली, "मामा, पडशीला!" मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बटण दाबलं.

त्याला आता दोन वर्षांच्या यात्रा झाल्या. छोटा कॅमेरा शाळेच्या कपाटात असतो, पोरं सहलीला नेतात. मोठ्याचं रबर निपाणीतल्या एका दुकानात चिकटवून घेतलंय. मैदान झालं की मी फोटो घरी आप्पांना दाखवते आणि तेच कोगनोळीला त्या सुनेच्या फोनवर पाठवते. मग फोन येतो. दोघं आपापल्या अंगणात बसून एकाच फोटोवर मोठमोठ्यानं भांडतात, हा हात आधी गेला का तो पाय. आई टीव्हीचा आवाज वाढवते. आमच्याकडं अजून जुनेच पडदे आहेत.