दिनूच्या टायरमधली हवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुला का सांगतोय — देव जाणे. पोटात मावत नाही आता, एवढंच.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी कारखान्यात फिटर, राहायला घाटकोपरला. आमच्या कॉलनीत स्कूटर चार-पाच, पण हवा मोजायचं गेज एकट्या माझ्याकडे. पेनासारखं, खिशाला लावून फिरायचो. एकटा जाणार असशील तर मागे चोवीस पौंड, डबल सीटला बत्तीस — रविवारी सकाळी खाली उभा राहून सगळ्यांना शिकवायचो. काय तो तोरा माझा!

त्या मे महिन्यात गेज गॅलरीतून खाली फरशीवर पडलं. शनिवारी पंपावर गेलो, तर माझं गेज पंपाच्या मीटरपेक्षा दहा पौंड जास्त दाखवतंय. हवावाला म्हणाला, "साहेब, गेज गेलं तुमचं." मी त्याच्यावरच भडकलो. दुसऱ्या पंपावर गेलो — तिथेही तेच. म्हणजे मला कळलं होतं, बरं का. न कळायला काय झालं? फिटर होतो ना मी!

रविवारी दिनू आला. माझा शाळेपासूनचा दोस्त, समोरच्याच दारात राहणारा, नुकतं लग्न झालेलं. नंदाला मागे बसवून मानखुर्दला सासुरवाडीला निघाला होता. "पंपावर बत्तीस भरलीय. तरी तू बघ रे, त्यांचा काय भरवसा?"

चारजण उभे होते भोवती. गेज बिघडलंय — एवढंच तर बोलायचं होतं! जीभ रेटली नाही. गेज लावलं, बेचाळीस आले. "बघ, कशी ठासून भरलीय," म्हणालो, आणि दहा पौंड सोडून दिले. खरे उरले बावीस, त्या टायरवर दोन माणसं बसणार, भर उन्हात हायवेने जाणार — सगळं माहीत असून सोडले. का? तर चारचौघांत नाक जाऊ नये म्हणून. थू माझ्यावर!

टायर हायवेवर फुटलं. दिनूला खरचटलं. नंदाचं कंबरेचं हाड मोडलं.

पण थांब, अजून खरं सांगायचंच आहे. हॉस्पिटलात दिनू मला बिलगून रडायला लागला, "कसं झालं रे हे?" शेजारी नंदाचे वडील उभे. आणि मी — मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं — म्हणालो, "कितीदा सांगितलं तुला, हळू चालव म्हणून!"

सासरा मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. दिनूने स्कूटर विकली, पुन्हा कधी हँडलला हात लावला नाही. नंदा लंगडते. आणि मी? मी दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जातो. कसा घास उतरतो माझ्या घशाखाली, सांग ना?

गेल्या महिन्यात गेलो होतो. दिनू आत तोंड धूत होता. नंदाने चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "भावजी, हे अजून स्वतःलाच खातात हो. मागे मी बसले होते ना, स्पीड नव्हताच. माझं पटत नाही त्यांना. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

तेवढ्यात दिनू टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. त्याने ऐकलं होतं. माझ्याकडे बघत उभाच राहिला.

मी म्हटलं, "जाऊ दे वहिनी. स्पीड होता त्याचा."

"होता गं," दिनू तिला म्हणाला, आणि माझ्या शेजारी येऊन बसला.