नाव घातलेले डबे

विट्याच्या संयोगिताला वाईट म्हणेल असं माणूस आळीत शोधून सापडायचं नाही, आणि हीच तिच्या धंद्याची रडकथा. कांदा-लसूण मसाला असा करायची की फोडणीचा ठसका तिसऱ्या घरात जायचा. नवरा कृष्णात सोनं गाळायच्या दुकानात, तिकडं लांब कोइमतूरला. घराच्या पुढच्या खोलीत तिनं मिरची कुटायचा डंक बसवला होता. पण त्या खोलीवर धाकट्या दिराचा, इंद्रजितचा, डोळा. त्याला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. शेवटी सासूनं, रंगूबाईनं, निवाडा केला: पाडव्यापर्यंत मसाल्याला बाहेरची गिऱ्हाइकं आली तर खोली संयोगिताची, नाहीतर इंद्रजितची.

आता गिऱ्हाइकं आणायची कुठनं? कृष्णातनं फोनवर अक्कल दिली. "मोठी दुकानं पिशव्या देत्यात, क्यालेंडरं देत्यात. लोकांच्या घरात आपलं नाव ऱ्हायला पायजे."

पिशवी फाटते, कॅलेंडर वर्षात भिंतीवरून उतरतं. संयोगितानं स्टीलचे डबे घेतले. भांड्यांवर नाव घालणाऱ्यानं विचारलं, "सप्रेम भेट घालू का, वहिनी?"

"छ्या! लग्नातला आहेर हाय का त्यो? निस्तं 'संयोगिता, विटा' घाला आन् खाली नंबर. मोठ्या कंपन्या काय सगळं सांगत बसत्यात व्हय?"

मोठेपणाचा वारा लागला की माणूस असंच बोलतो. डबे मसाल्यानं भरून तिनं घरोघर वाटले. थोडे तिच्या बहिणीनं, मायानं, आटपाडीला नेले. मग ही फोनची वाट बघत बसली.

फोन काही आला नाही. डबे मात्र परत यायला लागले.

पहिला शेजारच्या अंबूबाईंनी आणला, घासूनपुसून लख्ख. "तुझं भांडं गं. मसाला लय ब्येस झालता." परतीचं भांडं रिकामं द्यायचं नसतं, म्हणून आत शेंगदाण्याची चटणी. पुढच्या डब्यात कुरडया आल्या, त्यापुढच्यात गूळ. संयोगिता सांगून थकली, "ठेवा की, तुमच्यासाठीच दिलाय." तर बायका जीभ चावायच्या. "दुसऱ्याचं नाव असल्यालं भांडं घरात? नगं बाई."

आणि मसाला विकत घेता का, हे शेजारणीला तोंडावर विचारायला हिची जीभ रेटेना. रंगूबाई मात्र खूश. "माणसं किती सचोटीची हायत बघ," म्हणत त्या कुरडया तळायला घेत. संयोगिताच्या डोक्यात तिडीक जायची. लोकांनी लुबाडलं असतं तर निदान चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. ह्या भल्या माणसांचं करायचं काय?

पाडवा अगदी तोंडावर आला तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"विट्याच्या संयोगिताताई का?"

"व्हय, व्हय, बोला की!"

"मी आटपाडीवरनं बोलतीय. तुमचा डबा आमच्याकडं ऱ्हायलाय. उद्या यष्टीत कंडक्टरजवळ देते. आत शेवया घातल्यात थोड्या."

संयोगिताचा तोल सुटला. "आवं, नगं मला डबा! नगं शेवया! मी मसाला इकते! इकायचा धंदा हाय माझा!"

"आगं बया!" ती बाई म्हणाली. "आन् आमी घरात सगळी म्हणत हुतो, असला मसाला कुठं इकत मिळंल तर किती बरं हुईल. कालच वर्षाचा मसाला दुसरीकडनं भरला की वो. डब्यावर लिवायचं तरी तसं!"

संयोगितानं फोन ठेवला. राग काढावा तर कुणावर, तेच तिला कळेना. बाहेर इंद्रजित टेप घेऊन खोलीचं माप काढत होता. दुसरं टोक धरायला त्यानं वहिनीलाच हाक मारली, आणि तिनं जाऊन ते धरलं.